मत्स्यपेटीखालची दुसरी टांकी

घरीं मासे पाळणाऱ्यास पाणी नितळ दिसलें म्हणजे तें निर्दोष झालें असें वाटतें. परंतु माशांच्या शरीरांतून बाहेर पडणारा अमोनिया डोळ्यांस दिसत नाहीं, आणि मासे बहुधा त्यानेंच दगावतात. म्हणून आम्हीं आमच्या मत्स्यपेटीखालीं कांचेची दुसरी टांकी, म्हणजे 'संप', स्वहस्तें बांधिली.

सिलिकोननें कांचेचे पडदे चिकटवून तिचे तीन कप्पे केले. वरून ओसंडणारें पाणी पहिल्यांत स्पंजांतून गाळलें जातें; दुसऱ्यांत सच्छिद्र चिनीमातीच्या तुकड्यांवर राहणारे सूक्ष्म जंतु अमोनियाचें प्रथम नायट्राइट व मग त्याहून सौम्य असें नायट्रेट करितात; तिसऱ्यांतील पंप पाणी पुनः वर चढवितो.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. पंप थांबतांच परतीच्या नळींतून पाणी उलटें खालीं येऊं लागतें, व वरचें तोंड उघडें पडेपर्यंत थांबत नाहीं. आमची पेटी ९० सेंटिमीटर लांब व ३० रुंद आहे. पातळी अवघी ४ सेंटिमीटर उतरली तरी जवळजवळ ११ लिटर पाणी खालीं येतें. तितकी जागा खालीं नित्य रिकामी ठेवणें हेंच या रचनेचें मर्म होय.

विद्यार्थिमित्रहो, असा प्रयोग कराल तर प्रथम पंप मुद्दाम बंद करून पाहा. जंतूंची वस्ती होण्यास कांहीं आठवडे लागतात. तोंवर मासे सोडण्याची घाई करूं नका.