मावशीच्या गाडीची काच

"अरे, काच पडून गेली," मावशी फोनवर म्हणाली. फुटली का, असे मी विचारले. "फुटली नाही रे, पडून गेली. दाराच्या आत."

मावशी मूळची आमच्या फोंड्याकडची. १९६९ साली लग्न होऊन देवासला गेली आणि तिच्या मराठीत माळवा हळूहळू मुरत गेला. खिडकीला आम्ही अजून जनेल म्हणतो. तिच्या तोंडी तो शब्द आता फक्त माझ्याशी बोलतानाच येतो. पण ही काच घराच्या जनेलाची नव्हती. काकांच्या अँबॅसडरची होती. मार्क टू, डाव्या बाजूचे पुढचे दार.

गेल्या मे महिन्यात मी देवासला गेलो तो या काचेसाठी, असे सांगितले तर घरचे हसतील. कारण वेगळेच होते. मावशीच्या सासऱ्यांनी ही गाडी घेतली. त्यांच्यामागे वाटणी झाली तेव्हा धारला दिलेल्या त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या मावसभावाच्या आत्याने, घर, शेत काही मागितले नाही, फक्त गाडी मागितली. काकांनी तीच दिली नाही. पुढे अकरा वर्षे देवास आणि धार यांचे बोलणे बंद. आता काका नाहीत. मावशीने ठरवले, गाडी वन्संना नेऊन द्यायची. आणि नीट करूनच द्यायची. "मोडकी वस्तू वाटणीत देत नाहीत," एवढेच तिचे म्हणणे.

वाटणी ही देवासला नवी गोष्ट नव्हे. पवारांच्या दोन भावांनी हे गाव असे वाटून घेतले की थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने एकाच गावात १९४८ पर्यंत नांदली. दोन राजे, दोन दरबार. धारचे पवारही त्याच कुळातले. थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस म्हणून राहिला होता, आणि बागा, पाहुणेघर यांच्याबरोबर मोटारींची देखरेखही त्याच्याकडेच होती. कादंबरीकाराच्या हातात मोटारखाना! मला त्या रात्री वाटले, निदान त्याच्या हाताखाली माणसे तरी होती. इथे दादा आणि मी, दोघेच.

सकाळी ऊन चढायच्या आत काम सुरू केले. काच वरखाली करण्याचे हँडल आधी काढायचे. त्याच्या मागची चकती आत दाबून धरली की एक बारीक खीळ दिसते. ती दाभणाने ढकलून बाहेर काढली. मावशीने लगेच वाटी पुढे केली, "यात टाक, नाहीतर जन्मभर शोधत बसाल." मग दाराचे आतले रेक्झिनचे पॅड. कडेच्या क्लिपा एकेक करून उचकटायच्या. त्यासाठी स्वयंपाकघरातले उलथने उत्तम. आतला पुठ्ठा पापडासारखा झाला होता, एक कोपरा माझ्या हातात आलाच.

पॅड निघाले आणि तळाशी काच दिसली. अखंड, काळ्या मातीच्या धुळीत उभी. शेजारी पंचवीस पैशांचे नाणे आणि कंगव्याचा तुकडा. गोष्टीत अशा ठिकाणी जुने पत्र सापडते. आम्हाला कंगवा सापडला.

काच का पडली तेही कळले. काचेची खालची कड लोखंडी पन्हळीत बसवलेली असते, मध्ये रबराची पट्टी. हँडल फिरवले की दात्यांच्या पट्टीला जोडलेली भुजा त्या पन्हळीला वर उचलते. रबर वाळून चुरा झाले, पन्हळ वर गेली आणि काच खाली राहिली. पत्रा मात्र खणखणीत! आमच्याकडे उलटे. पावसाचे पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून वाहून जायला हवे, ती भोके चिखलाने बुजतात आणि खाऱ्या हवेत दार खालून कुजते. गोव्यात गाडी पत्र्याने मरते, माळव्यात रबराने. तरी सवयीने मी तारेने भोके मोकळी केलीच.

पुढच्या त्रिकोणी काचेची चौकट आधी सैल करून काढावी लागते, कारण मोठी काच तिच्याच मागच्या खाचेतून सरकते. ती निघाल्यावर काच तिरपी करून वर ओढायची. हे सगळे जमले. चूक झाली ती पुढे. पन्हळ काचेच्या कडेपासून किती अंतरावर होती याची खूण मी केलीच नव्हती. नवे रबर साबणाच्या पाण्यात भिजवून, लाकडी ठोकळ्याने ठोकून पन्हळ बसवली, काच आत सोडली, इंदूरहून आणलेली नवी फेल्ट खाचांत दाबली आणि हँडल फिरवले. काच अर्ध्यावर येऊन तिरकी अडकली. मी जोर लावायला गेलो. दादाने हात धरला. "फुटली तर आई धारला जाणार नाही."

दुपार गेली. सगळे पुन्हा काढले. उजव्या दाराचे पॅड उघडून तिथले माप घेतले, ही अक्कल मावशीचीच. या वेळी एकही स्क्रू आवळला नाही. काच चार वेळा वरखाली केली, तिची वाट तिला सापडू दिली, मग ती पूर्ण वर ठेवून चौकटीचे आणि खाचांचे स्क्रू थोडे थोडे करून आवळले. फेल्टला ग्रीस लावायचे नाही, धूळ धरते. ग्रीस फक्त भुजेच्या टोकाला आणि दात्यांना. जुना कागद फाटला होता, म्हणून पॅडच्या आत प्लॅस्टिक लावले. हँडल बसवताना वाटीतली खीळ होती तिथेच होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. इंदूर, बेटमा, धार, शंभरेक किलोमीटर. धार जिल्ह्यातल्याच पीथमपूरला याच कंपनीच्या कारखान्यात इसुझू जातीची इंजिने तयार होत आणि ती पुढच्या काळातल्या अँबॅसडरना बसत. २०१४ साली उत्पादनच थांबले. दादा हे सांगत होता. मावशीचे लक्ष नव्हते. ती डाव्या खिडकीशी बसून दर थोड्या वेळाने काच दोन बोटे खाली करी, परत वर करी.

आत्या दारात उभ्याच होत्या. मावशी खाली उतरली, वाकून नमस्कार केला, किल्ली पुढे धरली. कुणी काही बोलले नाही. आत्या किल्ली न घेता सरळ डाव्या दाराकडे गेल्या, आत बसल्या, दार ओढून घेतले आणि हँडल फिरवले. काच खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

"ही नेहमी अडकायची," त्या उघड्या खिडकीतून म्हणाल्या. "त्याला कधी जमलं नाही नीट करायला."

"वन्सं, त्यांना वेळ कुठे होता," मावशी म्हणाली.

"तू अजून त्याचीच बाजू घे." आणि मग, "आत चला. उन्हात काय उभे राहिलात सगळे."

जेवायला दालबाफले होते. संध्याकाळी आम्ही बसने परतलो. मावशीने हट्टाने खिडकीची जागा घेतली. त्या खिडकीची काच धारपासून इंदूरपर्यंत खडखडत होती.