खर्ज राखून करकर
गिटारवाल्यांच्या आवडत्या ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह पेडल दुकानात माझ्या बेसला जोडला, त्यावर पाय दिला, आणि आवाज खालून रिकामाच झाला. करकर भरपूर, पण ज्या दणक्यासाठी मी बेस वाजवते तो कुठेच नाही. नॉब फिरवून पाहिले, पेडल बदलून पाहिला. गिटारवर मधासारखा वाजणारा तोच डबा बेसवर इतका किरटा का, हे तिथे कुणाला नीट सांगता येईना.

कारण आकड्यांत सापडलं. त्या सर्किटमध्ये 0.047 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि 4.7 किलोओहमचा रेझिस्टर अशी जोडी असते, आणि ती 720 हर्ट्झच्या खालचं वर्धन कमी कमी करत नेते. गिटारसाठी हे अगदी योग्य आहे, कारण खालची जागा ड्रम आणि बेसची. पण माझी सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झवर बोलते. चोवीस पडद्यांच्या बेसवर सगळ्यात बारीक तारेच्या शेवटच्या पडद्यावरचा सूरसुद्धा 392 हर्ट्झ. म्हणजे माझ्या वाद्यावरचा प्रत्येक मूळ सूर त्या रेषेच्या खाली!

मग नावांचा गोंधळ. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ. तिन्हींत लहरींचे माथे छाटले जातात. पहिल्यात हळुवार, दुसऱ्यात कडक, तिसऱ्यात इतके की लहर जवळजवळ चौकोनी होते. छाटणीतून मूळ सुराच्या पटीतले वरचे स्वर तयार होतात, म्हणूनच मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही असा बेस ऐकू येतो. बिग मफ हा फझ पेडल एकटीने वाजवताना मला भिंत कोसळल्यासारखा प्रचंड वाटला. तोच ड्रम-गिटारच्या गर्दीत मागे गेला, कारण त्याच्या टोन सर्किटमध्ये 1000 हर्ट्झच्या आसपास खड्डा आहे आणि गर्दीतून वाट काढायची ती नेमकी तिथूनच. बेससाठी म्हणून बनवलेल्या पेडलांत मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बॉसच्या ओडीबी-3 वर ‘बॅलन्स’, फिनलंडच्या डार्कग्लासच्या पेडलांवर ‘ब्लेंड’, बेस बिग मफवर ‘ड्राय’. मूळ स्वच्छ आवाज बाजूने तसाच जाऊ द्यायचा आणि शेवटी करकरीत मिसळायचा. आता कुठलाही पेडल हातात आला की मी आधी हीच सोय शोधते. ती नसेल तर बाकीचं कौतुक मला पटत नाही.

आणि गंमत म्हणजे फझचा जन्मच खालच्या तारांवर झालेला आहे. नॅशव्हिलमध्ये मार्टी रॉबिन्सच्या 1961 च्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनने सहा तारांचा बेस वाजवला आणि मिक्सिंग कन्सोलच्या बिघडलेल्या चॅनलमधून तो फाटका आवाज आला. ध्वनिमुद्रण करणाऱ्या ग्लेन स्नॉडीने पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं, आणि गिब्सनने 1962 मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन म्हणून बाजारात आणलं. मेटॅलिकाच्या पहिल्या अल्बमवरचा क्लिफ बर्टनचा बेस एकल ऐकून मी या नादाला लागले होते. फझच्या या जन्मकथेने माझं धाडस वाढलं. आपणच बांधून बघू म्हटलं.

पुण्यात राहण्याचा फायदा म्हणजे तापकीर गल्ली. कागदावर मायक्रोफॅरॅड लिहून नेले तर काउंटरवरचे दादा म्हणाले, “ताई, कोड सांगा ना.” 104 म्हणजे 0.1, 103 म्हणजे 0.01. पहिले दोन आकडे, पुढे तिसऱ्या आकड्याइतकी शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरॅडमध्ये. झिरो पीसीबी, बीसी549, पुडीभर 1एन4148 डायोड आणि टीएल072 आयसी घेऊन घरी आले.

सर्किट सोपं निवडलं. एक ट्रान्झिस्टर आवाज वाढवणार, दोन डायोड माथे छाटणार. शेजारून आयसीमधून जाणारी स्वच्छ आवाजाची वाट, आणि शेवटी दोन्हींच्या मधोमध एक पॉट, म्हणजे फिरवायचा रेझिस्टर. पॉट एका टोकाला, स्वच्छ आवाज भरीव. दुसऱ्या टोकाला, करकरही भरीव. मध्ये आणला की खर्ज गायब! रेझिस्टर तपासले, डाग पुन्हा दिले, आयसीच्या पायांवर 4.5 व्होल्ट आहेत का पाहिलं. सगळं जागच्या जागी, आणि खर्ज काही येईना.

आमच्या सोसायटीत आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले एक काका आहेत. त्यांनी बोर्ड हातातही घेतला नाही. “अगं, एक कपॅसिटर लावलेली वायर घे, अ‍ॅम्प्लिफायरला जोड, आणि एकेका टप्प्यावर टेकवून ऐक. डोळ्यांनी काय बघतेस?” ऐकलं. दोन्ही वाटा सुट्या ऐकल्या तर उत्तम, एकत्र झाल्या की पोकळ. मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला दोन लहरी काढल्या, एक वर जाताना दुसरी खाली. ट्रान्झिस्टरचा एक टप्पा लहर उलटी करतो. उलट आणि सुलट मिसळले की मूळ सूर एकमेकांना खाऊन टाकतात, आणि करकरीतले वरचे स्वर स्वच्छ आवाजात नसल्यामुळे तेवढे उरतात. त्या रेघा बघताना मला इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला.

टीएल072 च्या पोटात दोन ऑप-अँप असतात. एक बफर म्हणून आधीच कामात होता, दुसऱ्याला दोन सारखे रेझिस्टर लावून स्वच्छ लहरही उलटवली. पॉट मध्ये आणला आणि खिडकीची काच थरथरली.

त्यानंतरचं सगळं आवडीनिवडीचं. करकरीच्या वाटेवर सुरुवातीलाच 103 कपॅसिटर आणि 100 किलोओहम लावले. गणिताने 159 हर्ट्झ. पुढच्या ट्रान्झिस्टरचा भार पडला की रेषा थोडी वर सरकते. त्यामुळे अगदी खालचे सूर छाटणीत फारसे जातच नाहीत, आणि दोन तारा एकदम छेडल्या तरी चिखल होत नाही. डायोडच्या जागी सॉकेट बसवलं आहे, म्हणजे डाग न काढता बदलता येतात. सिलिकॉनचे डायोड सुमारे 0.6 व्होल्टला छाटतात, जुने जर्मेनियमचे त्याच्या निम्म्यालाच, आणि लाल एलईडी पावणेदोनच्या आसपास. एलईडीने आवाज मोकळा आणि मोठा होतो. मला एका बाजूला सिलिकॉन, दुसऱ्या बाजूला एलईडी ही विषम जोडी सगळ्यात आवडली, कारण त्यात एक सप्तक वरचा स्वर जास्त उमटतो.

डबा मात्र धातूचाच हवा. प्लॅस्टिकच्या डब्यात ट्यूबलाइटची गुणगुण शिरत होती.

बँडच्या तालमीत पॉट स्वच्छ आवाजाकडे घरच्यापेक्षा बराच जास्त फिरवावा लागतो, आणि गेन जवळजवळ निम्म्यावर. आमच्या ड्रमरला आता बेस ड्रम आणि माझी तार वेगवेगळी ऐकू येतात. गिटारवाल्याने स्वतःसाठीही एक बांधून मागितला आहे. त्याच्यासाठी 103 च्या जागी कुठला कपॅसिटर घ्यायचा, ते काकांबरोबर बसून काढणार आहे.