उभ्या उभ्या म्हातारे होणारे टायर

बोटीच्या ट्रेलरचे टायर बहुतेक वेळा नक्षी शाबूत असतानाच निकामी होतात. इथे मिशिगनमध्ये लहान-मोठी मिळून अकरा हजारांवर तळी आहेत, पण बोटीचा मोसम मे ते सप्टेंबर. बाकीचे महिने ट्रेलर घरामागे बर्फात उभा. सगळा भार टायरच्या एकाच जागेवर, वरून ऊन आणि ओझोन. रबर आतून वाळत जातं आणि रिमच्या कडेशी बारीक भेगा पडतात. त्यामुळे ‘नवाकोरा दिसतोय, फारसा चाललेलाच नाही’ म्हणून कोणी जुना टायर स्वस्तात देऊ केला, की मी आधी त्याचा जन्म बघतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकातले शेवटचे चार आकडे २३१९ असले, तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटलेला टायर मला फुकटही नको. नव्या टायरवरसुद्धा हे आकडे वाचावेत. दुकानाच्या फळीवरही टायरचं वय वाढतच असतं.

ओळखीतलं कोणी बोट घेतं आणि टायरसाठी मला फोन करतं. पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या कंपनीचा घेऊ?’ मी उलट विचारतो, ‘वजन किती?’ चौदा फुटी अॅल्युमिनियमची बोट हलकी वाटते. पण इंजिन, बॅटरी, पेट्रोल, नांगर, बर्फाची पेटी आणि खुद्द ट्रेलर धरला की बाराशे पौंडांचा आकडा सहज गाठला जातो. महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर थोड्या पैशांत नेमकं वजन कळतं. ४.८०-१२ मापाचा बी लोड रेंजचा टायर ६० पीएसआय हवेत ७८० पौंड पेलतो, सी रेंजचा ९० पीएसआयला ९९०. दोन टायर बी रेंजचे घेतले तर १५६०, सी रेंजचे घेतले तर १९८०. किमतीतला फरक थोडा, हाताशी राहणारी ताकद बरीच. माझी काटकसर इथे थांबते. मात्र सी रेंजची हवा रिमलाही झेपली पाहिजे. रिमवरची मर्यादा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मोटारीचा जुना टायर चढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मोटारीच्या टायरची बाजू बसणाऱ्याला धक्के लागू नयेत म्हणून लवचीक ठेवलेली असते. ट्रेलरमध्ये कोणी बसत नाही. तिथे ताठ बाजू हवी, नाहीतर ट्रेलर मागे डोलतो. म्हणून मापाआधी ‘एसटी’ ही अक्षरं हवीत, किंवा ४.८०-१२ सारख्या मापावर फक्त ट्रेलरसाठी असल्याचा उल्लेख. रेडियल आणि बायस या दोन बांधणीच्या टायरची एका आसावर जोडी जमवू नये. तळ्यापर्यंतच्या जवळच्या फेऱ्यांना साधा बायस पुरतो. उत्तरेकडच्या लांब प्रवासाला कमी तापणारा रेडियल बरा.

पैसे वाचवायची खरी जागा वेगळीच आहे. नुसता टायर घेऊन जुन्या गंजक्या रिमवर चढवायला गेलं, की मजुरी, व्हॉल्व्ह आणि जुना टायर टाकायचे पैसे धरून चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला होतो. शेतीसामानाच्या दुकानात याच मापाचे टायर गॅल्व्हनाइज्ड रिमसकट मिळतात. बोल्ट चार की पाच आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास ४ इंच की साडेचार, एवढं मोजून गेलं की घरीच चाक बदलता येतं. चाक काढलंच आहे तर बेअरिंगचं ग्रीसही बघून घ्यावं. रॅम्पवर तापलेलं हब गार पाण्यात बुडतं तेव्हा पाणी आत ओढलं जातं.

पुढचं काम वापरणाऱ्याचं. हवा कमी असली की बाजू दबते, तापते आणि थर सुटतात. म्हणून टायर गार असताना त्यावर लिहिलेल्या पूर्ण दाबाइतकी हवा भरावी. बे सिटीच्या उत्तरेला आय-७५ महामार्गावर २०१७ पासून वेगमर्यादा ७५ मैलांची आहे. पण वेगाचं वेगळं चिन्ह नसलेला ट्रेलरचा टायर साधारण ६५ पर्यंतचाच असतो. मागचे लोक हॉर्न वाजवोत, आपण उजव्या लेनमध्ये राहावं. हिवाळ्यात आसाखाली ठोकळे देऊन चाकं उचलावीत आणि त्यांवर काहीतरी झाकावं.

एवढं केल्यावर नावाजलेल्या कंपनीचाच टायर हवा असं मला वाटत नाही. त्यात वाचलेल्या पैशांतून मी त्याच मापाची स्टेपनी घ्यायला सांगतो, आणि तिच्या नटांना आपल्या गाडीतला पाना बसतो का, हे अंगणातच बघून ठेवायला.