झोपाळ्याची फळी

पापनाशमजवळ तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिराच्या आवारात विटांचं एक धान्यकोठार उभं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, तंजावरच्या नायक राजांच्या काळात बांधलेलं. ‘कलम’ या इथल्या जुन्या मापाने ३००० कलम धान्य त्यात मावायचं. कावेरीच्या या मुलखात भात पिकायचंही तेवढं. गावाची दुसरी ओळख म्हणजे संगीतकार पापनाशम् शिवन (१८९०–१९७३). त्यांचा जन्म दुसऱ्या गावचा, पण नावापुढे लागलं ते राहत्या गावाचं, आणि जन्मभर टिकलं. भाड्याच्या घरात राहायला आलेल्या माणसाला ही गोष्ट फार धीर देते.

मी रेल्वेने तंजावरला जाते, मराठा दरबाराचे मोडी कागद वाचायला. घर पापनाशमला घेतलं, कारण इथलं भाडं मला झेपतं. एका जुन्या घराची माडी आहे. तांबड्या कोब्याची जमीन, उभ्या गजांच्या तीन खिडक्या, भिंतीत दिव्याचा कोनाडा आणि छताच्या तुळयांना चार लोखंडी कड्या. तमिळनाडूच्या मोठ्या शहरांत दहा महिन्यांचं भाडं ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून घ्यायची जुनी रीत. २०१९ पासून लागू असलेल्या कायद्याने त्याला तीन महिन्यांची मर्यादा घातली, तीही दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तरच. अ‍ॅडव्हान्स देऊन झाल्यावर सामानासाठी माझ्या हाती थोडेच पैसे उरले. घरमालकिणीला सगळी गल्ली ‘मामी’ म्हणते, मीही म्हणते. मामी म्हणाल्या, “सामान नंतर आण गं. आधी दूध उतू जाऊ दे.” नव्या घरात, मग ते भाड्याचं का असेना, पहिल्यांदा चूल पेटते ती दुधासाठी. पातेलंही त्यांनीच दिलं.

रिकाम्या घरात पहिले काही दिवस आपलाच आवाज घुमतो आणि माणूस घाईघाईने दुकानाकडे धावतो. मला तशी घाई करता आली नाही, याचं आज समाधान वाटतं. नदीकाठच्या कोरै गवताची चटई विकत घेतली आणि जमिनीवरच संसार मांडला. भर उन्हाळ्याच्या दुपारी कोब्याइतकं गार दुसरं काही नसतं. जमिनीवर राहून पाहिल्यावरच कळलं, की मला खरोखर लागतं ते इतकंच: लिहायला काहीतरी सपाट, कपडे दमट न होऊ देणारं एक कपाट, आणि खाट. खाट अशासाठी, की इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो आणि त्या दिवसांत कोबा घामेजतो.

मग जुनं सामान शोधायला लागले. हे सामान येतं कुठून, ते आधी सांगायला हवं. कुंभकोणम्-तंजावर पट्ट्यातली अग्रहारं, म्हणजे ब्राह्मणांच्या जुन्या वस्त्या, गेल्या दोन-तीन पिढ्यांत ओस पडत चालली आहेत. मुलं चेन्नईला, बंगळुरूला, अमेरिकेला गेली. मागे राहिलेलं म्हातारं माणूस गेलं, की घर विकलं जातं, आणि पुष्कळदा पाडलंच जातं. कोरीव दरवाजे, सागाचे खांब, पितळी भांडी मोठे व्यापारी उचलतात. कारैकुडीत मुनीश्वरन् कोविल रस्त्यावर अशा वस्तूंची दुकानंच्या दुकानं आहेत, आणि तिथून त्या दूरदूरच्या शहरांतल्या हॉटेलांत, बंगल्यांत जाऊन बसतात. व्यापाऱ्याला नको असतं ते मागे उरतं. एका पायाने लुळी खाट, कापडी ईझीचेअर, पोपडे उडालेला ‘बीरो’, म्हणजे लोखंडी कपाट, पाट, मोडा, कपड्यांची घोडी. माझ्यासारख्या भाडेकरूचं दैव इथे उघडतं. नव्याच्या पाव किमतीत मिळतं, कधी नुसतं “घेऊन जा अम्मा” म्हणून मिळतं.

पण असं सामान हातात घेताना मला दर वेळी दबल्यासारखं होतं. स्वस्त मिळालं याचा आनंद असतोच. पण ती वस्तू स्वस्त झाली, कारण एक घर संपलं, हेही समोर दिसत असतं. म्हणून मी घासाघीस करत नाही. सांगतील ते देते, नाही तर नको म्हणते.

पारख शिकवली ती आसारींनी. सुताराला इथे आसारी म्हणतात. लाकडावर बोटाच्या पेराने वाजवून पाहा, आवाज भरीव हवा. पायाखाली पिठासारखा भुगा पडलेला दिसला, तर भुंगेरा आत जिवंत आहे, हात लावू नका. खाट चार दिवस कडक उन्हात टाका, सांध्यांत उकळतं पाणी ओता, ढेकूण राहणार नाहीत. सागाच्या मागे लागू नका, असंही ते म्हणाले. या मुलखात कालव्याच्या कडेने पूवरसु वाढतो, आपला पारसपिंपळ. त्याचं लाकूड चिवट, ओलीला दाद न देणारं, आणि नावाची किंमत मोजावी लागत नाही. माझी खाट पूवरसुची आहे. तिचा चौथा पाय नवा आहे आणि बाकीच्या तिन्हींहून फिका. आसारी रंग लावून एकसारखा करून देत होते, मीच नको म्हटलं.

पडद्यांचं म्हणाल तर कावेरीच्याच खोऱ्यात, पश्चिमेला करूर आहे. चादरी, पडदे, स्वयंपाकघरातली कापडं तिथून जगभर जातात. आडि महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, इथे लग्नं होत नाहीत, घरं बदलत नाहीत, आणि गिऱ्हाईक यावं म्हणून कापडदुकानं ‘आडि तळ्ळुबडि’ लावतात, भरघोस सूट. मी तिथूनच घेणार होते. मामींनी ट्रंक उघडून त्यांच्या सासूबाईंची सुती साडी पुढे केली. मडिसार नेसायची, नऊ वारांची. किती धुण्यांनी मऊ झालेली, रंग पिकल्या विटेचा, काठ बारीक हिरवा. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. साडेचार फुटांचे सहा तुकडे झाले, तीन खिडक्यांना दोन-दोन. वरून स्प्रिंगची तार, दोन टोकांना खिळे. सकाळी पूर्वेचं ऊन त्या कापडातून येतं तेव्हा कोबा आणि भिंत एकाच रंगाचे होतात. दुकानातला कुठलाही पडदा मला हे देऊ शकला नसता, असं मी खात्रीने सांगते.

आणि फळी. पाडल्या जाणाऱ्या एका घरात ती भिंतीला टेकून उभी होती, फणसाच्या लाकडाची, चार कोपऱ्यांना भोकं, मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेली. एका टोकाला, जिथे डोकं टेकत असेल, तिथे तेलाचा काळसर डाग. इथल्या ब्राह्मण लग्नांत वधूवरांना झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणतात. या फळीवर किती जोडपी बसली असतील! मी ती विटांवर ठेवून लिहायचं मेज केलं. मामींनी मेज पाहिलं, छताच्या कड्या पाहिल्या, आणि माळ्यावरून गंजलेल्या साखळ्या काढून दिल्या. आता कागद मांडीवर घेऊन मी झोपाळ्यावर लिहिते.

परक्या मुलखात दुसऱ्याच्या वस्तूंनी घर मांडणारी मी पहिली मराठी नव्हे. १६७५-७६च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले, तेव्हा ते नायकांच्याच वाड्यात राहिले. वाडा पाडला नाही, त्यात आपली भर घातली. ग्रंथसंग्रहाचं बीजही नायकांचं. दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) तो एवढा वाढवला, की आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि १९१८ साली तो सर्वांसाठी खुला झाला. त्या वाड्याच्या दालनात बसून मोडी वाचताना मला तो थोर वाटतो, तो या भरीमुळे. आधीच्यांचं राखून आपलं घालणं हे राज्यकर्त्याला सुचलं, ही लहान गोष्ट नव्हे.

जुनं राखण्याच्या उलटही एक दिवस येतो. तमिळ मार्गळि महिन्याच्या शेवटच्या दिवशी इथेही भोगी असते. आपल्याकडे त्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लेकुरवाळी भाजी. इथे पहाटे जुन्या वस्तू दारात आणून पेटवतात, दुसऱ्या दिवशीच्या पोंगलसाठी घर मोकळं करायला. चटया, केरसुण्या, फाटकी कापडं जळतात ते ठीक. पण टायर, प्लास्टिक आणि धडधाकट लाकूडही जळतं. २०१८ साली भोगीच्या धुराने चेन्नईच्या विमानतळावरची उड्डाणं अडली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळ दर वर्षी विनंती करतं, आणि मी त्या विनंतीत माझा आवाज मिळवते, आपल्या दिवाळीच्या आवराआवरीसाठीसुद्धा. खाट, कपाट, झोपाळ्याची फळी जाळायला किंवा भंगारात द्यायच्या आधी आठवडाभर थांबा. सुताराला सांगून ठेवा, आणि गल्लीत नुकतंच कुणी भाड्याने राहायला आलं असेल, तर त्याचं दार वाजवून विचारा.