पांढऱ्या काठावरचे चार दिवस

इंदुरात ज्यांचे बालपण गेले त्यांना सायकलीची थोरवी सांगावयास नको. शाळा, कॉलेज आणि पुढे गिरणीच्या कचेरीतील नोकरी, सारे आम्ही तिच्याच पाठीवर केले. सुटीच्या दिवशी दशम्यांचा डबा बांधून पातालपाण्यापर्यंतही मजल मारीत असू. तेथे माळव्याचे पठार एकाएकी संपते आणि पाण्याबरोबर पाहणाऱ्याची नजरही खाली कोसळते. पठाराला काठ असतो, हे ज्ञान आम्हांस प्रथम तेथे झाले. त्यानंतर पन्नास वर्षांनी, हृदयाच्या धमनीत एक जाळी बसवून घेतलेली असता, जगाच्या दुसऱ्या बाजूस त्याहून कितीतरी मोठा काठ पाहण्याचा योग येईल असे मात्र वाटले नव्हते.

आमची कन्या अमेरिकेत युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे राहते. २०२२ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयतां तिच्याकडे होतो. जावईबापू आणि एकोणीस वर्षांचा नातू यांनी डोंगरी सायकलींवरून चार दिवसांची सफर आखली होती. सामानाची मोटार कन्या हाकणार होती आणि तिच्यात दोन जागा मोकळ्या होत्या. नातवाशी आमचे बोलणे अलीकडे ‘जेवलास का’ आणि ‘हो आजोबा’ एवढ्यावर आले होते. त्याने आपण होऊन म्हटले, “आजोबा, तुम्ही पण या. एक दिवस माझी सायकल तुम्ही चालवा.” कन्येने त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती वाचकांनी कल्पनेने जाणावी. आम्ही तत्काळ होकार दिला.

सॉल्ट लेकहून चार तासांच्या अंतरावर मोआब नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम पाच हजार, भोवती तांबडे कडे आणि उशाशी कोलोरॅडो नदी. या गावाचे भाग्य एकदा युरेनियमने उजळले. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञास येथून दक्षिणेस मोठा साठा सापडला आणि मग जो तो गायगर यंत्र घेऊन डोंगर हुंगू लागला. पुढे मागणी घटली आणि १९८४ साली येथील युरेनियमचा कारखाना बंद पडला. मोआब ओस पडते की काय, अशी वेळ आली. पण एक वर्ष आधीच, १९८३ साली, दोघा भावांनी तेथे सायकलींचे दुकान काढले होते. जाड टायरांच्या डोंगरी सायकली तेव्हा नुकत्याच निघाल्या होत्या आणि खनिजासाठी वेड्यावाकड्या खोदलेल्या वाटा आयत्याच पडून होत्या. आज गावात जिकडेतिकडे सायकली दिसतात. गिरण्या बंद पडलेल्या शहरातून आलेल्या माणसास हे पाहून थोडा हेवा वाटतो, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या दिवशी पितापुत्रांनी हात साफ करून घेतले ते ‘स्लिकरॉक’ या वाटेवर. नावाचा अर्थ निसरडा खडक. नालबंद घोड्यांचे पाय यावरून घसरत म्हणून जुन्या लोकांनी हे नाव ठेवले. रबरी टायरास मात्र हाच खडक असा काही धरून ठेवतो की, भिंतीवर पाल चढावी तशा सायकली चढतात. हा खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातील वाळूच्या टेकड्या, जागच्या जागी दगड झालेल्या. त्यावर वाट अशी नाहीच. पांढऱ्या रंगाचे पट्टे ओढले आहेत, त्यांच्या मागे जावयाचे. १९६९ साली ही वाट आखली गेली ती मोटारसायकलींसाठी, सायकली मागाहून आल्या. नातू एका उतारावरून असा खाली गेला की सौभाग्यवतीने डोळे मिटून घेतले. आम्ही ते उघडे ठेवले, पण पुष्कळ कष्टाने.

संध्याकाळी पाणी भरले. पुढील चार दिवसांच्या वाटेवर पिण्याच्या पाण्याची कोठेही सोय नाही. लागेल तेवढे बरोबर न्यावयाचे. माणशी दिवसाला चार लिटर, सायकल हाकणाऱ्यास अधिक, या हिशोबाने वीस वीस लिटरांचे चार डबे घेतले होते. नातू म्हणाला, “आजोबा, झाकणं मी लावतो.” आम्ही म्हणालो, “बाळा, नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरात आले. त्यापूर्वी आम्ही पाणी कसे सांभाळले ते तुला ठाऊक नाही.” झाकणे आम्हीच लावली.

आता त्या प्रदेशाची रचना सांगितली पाहिजे. तीन पायऱ्यांचा एक प्रचंड घाट कल्पावा. सर्वांत वरची पायरी म्हणजे सहा हजार फूट उंचीचे सपाट माथ्याचे पठार. त्याचे नाव ‘आयलंड इन द स्काय’, म्हणजे आकाशातले बेट. तेथून सुमारे बाराशे फूट खाली दुसरी पायरी आणि तिच्या कडेला पांढऱ्या वालुकाश्माची पट्टी, लुगड्याच्या किनारीसारखी. हाच ‘व्हाइट रिम’, पांढरा काठ. त्याच्याही खाली हजार फुटांवर नद्या, पूर्वेस कोलोरॅडो आणि पश्चिमेस ग्रीन. दक्षिणेस त्यांचा संगम होतो. पांढऱ्या काठावरून पठारास वळसा घालणारी शंभर मैलांची कच्ची वाट १९५० च्या दशकात अणुशक्ती आयोगाने युरेनियमसाठी पाडली. युरेनियम फारसे मिळाले नाही, वाट तेवढी राहिली. १९६४ साली हा मुलूख कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यान म्हणून राखला गेला. येथे फिरण्यास परवाना लागतो, मुक्कामाची जागा आधी ठरवावी लागते, लाकूड जाळता येत नाही आणि सायकल वाटेवरून तसूभरही खाली नेता येत नाही.

या शेवटच्या नियमाचे कारण आम्हांस पहिल्याच दिवशी कळले. शेफर घाटाच्या नागमोडी वळणांनी खाली उतरलो होतो. ज्या वाटेने पूर्वी आदिवासी आणि पुढे गुराखी गुरे घेऊन उतरत, तीच ही वाट. मोटारीचे एक चाक वाटेवर आणि दुसरे जणू परलोकात, असा तो उतार. खाली पोहोचल्यावर पाय मोकळे करावे म्हणून आम्ही बाजूस वळलो, तोच नातू ओरडला, “आजोबा, पाय!” पायाखाली काळपट, खडबडीत, जळक्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी माती होती. ती माती जिवंत आहे. डोळ्यांस न दिसणारे सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळूचे कण एकमेकांस शिवून टाकलेले असतात. त्यामुळे वाऱ्याने वाळू उडत नाही आणि वर्षाकाठी पडणारा नऊ-दहा इंच पाऊस मुरतो. एक पाऊल पडले तर ती शिवण उसवते आणि पुन्हा जुळण्यास कित्येक वर्षे, कधी कित्येक दशके लागतात. नातू हे मोडक्या मराठीत, हातवारे करीत, अर्धा तास सांगत होता. इतके तो आमच्याशी पूर्वी कधी बोलल्याचे स्मरत नाही.

पहिली रात्र गूजबेरी नावाच्या तळावर गेली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी मर्फी हॉगबॅक हा उभा चढ लागला. सायकलस्वार उतरून सायकली ढकलू लागले. मोटार इतकी तिरपी झाली की समोर केवळ आकाश दिसत होते. माथ्यावर तळ दिला. त्या दिवशी कोजागरी होती. सौभाग्यवतीने दुधाची भुकटी, केशर आणि वेलदोडे इंदुराहून बांधून आणले होते. चंद्र वर आला आणि पांढरा काठ खाली मैलोगणती उजळत गेला. असे चांदणे आम्ही मांडवगडावरही पाहिले नाही.

दुधासाठी पाणी आणण्यास नातू मोटारीच्या मागे गेला तो बराच वेळ आला नाही. परतला तेव्हा त्याचे हात ओले होते. म्हणाला, “रस्ता खराब होता. एक डबा आडवा पडला. सगळं गेलं.” जावईबापूंनी हिशोब केला. दोन दिवसांत चव्वेचाळीस लिटर खर्ची पडले होते आणि वीस वाहून गेले. पाच माणसे, दोन दिवस, आणि उरले सोळा लिटर. मागे फिरावे तर आलो तेवढीच वाट. पुढे तिसऱ्या मुक्कामाशी ग्रीन नदी भेटते खरी, पण तिचे पाणी पिता येईलच याची हमी नव्हती. सबब आठ लिटर चौथ्या दिवसासाठी बाजूस ठेवावे आणि उद्या आठांतच भागवावे, असे ठरले. दूध झाले नाही.

रात्री आम्ही उठून मोटारीपाशी गेलो. रिकामा डबा तेथेच होता. झाकणाचे आटे एकमेकांत बसलेच नव्हते. झाकण तिरपे चढले होते. नातवाने ते पाहिले नसेल हे शक्य नव्हते. डबा आडवा पडला हे खरे, पण नीट बंद असता तर त्यातून थेंबही गेला नसता. त्याने रस्त्याला दोष दिला होता.

पहाटे चहाच्या वेळी, म्हणजे चहा न घेता, आम्ही सर्वांसमोर सांगितले की झाकण आम्ही लावले होते. जावईबापू म्हणाले, “मी रात्रीच पाहिलं, बाबा. डबे तपासायचं काम माझं होतं.” कन्या काही बोलली नाही. नातू टायरात हवा भरीत राहिला.

तिसऱ्या दिवसाविषयी थोडक्यात सांगतो. सायकलस्वारांस प्रत्येकी तीन लिटर, आम्हां तिघांत दोन. हॉगबॅक उतरल्यावर सपाट वाट लागली तेव्हा नातू थांबला आणि सायकल पुढे करून म्हणाला, “आजोबा, प्रॉमिस.” आम्ही नको म्हणालो. घाम गाळण्याइतके पाणी आमच्या वाट्याचे नव्हते. त्याचा चेहरा उतरला, आमचाही उतरला असावा. ऑक्टोबरचे ऊन तेथे सौम्य मानतात. तरी दुपारपर्यंत ओठ तडकले आणि जीभ टाळ्यास चिकटली. समोरून येणाऱ्याकडे पाणी मागावे, तर त्याचेही मोजलेलेच असणार.

पोटॅटो बॉटम येथे वाट नदीच्या पातळीवर येते. काठावर झाऊची दाट झुडपे माजली आहेत. झाऊ मूळचा तिकडचा नव्हे, परक्या मुलखातून आणलेला. आता मूळच्या झाडांस जागा देत नाही. त्यातून वाट काढून पाणी आणले ते पातळ पिठल्यासारखे. याच नदीतून १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा लष्करी अधिकारी लाकडी होड्या घेऊन अज्ञात प्रदेशात उतरला होता. त्याच्या लोकांनी हेच पाणी प्यायले असणार. जावईबापूंचे गाळणीयंत्र पाच मिनिटांत गाळाने तुंबले. ते हताश होऊन बसले, तेव्हा सौभाग्यवती उठल्या. त्यांनी पाणी सर्व भांड्यांत ओतून झाकून ठेवले आणि रात्रभर कोणी हात लावू नये असे बजावले. पहाटे वरचे निवळ पाणी हलक्या हाताने वेगळे केले, आपल्या सुती ओढणीची चौपदरी घडी करून त्यातून दोनदा गाळले, मग यंत्रातून काढून शेगडीवर खळखळून उकळले. बिलावलीच्या तलावाचे गढूळ पाणी पावसाळ्यात त्यांच्या माहेरी असेच करीत. नातू शेजारी उकिडवा बसून घडी कशी घालतात ते पाहत होता. बारा लिटर पाणी झाले. गढूळपणा गेला, मातीचा वास राहिला. तो वास आम्हांस आवडला.

चौथ्या दिवशी सकाळी नातवाने पुन्हा सायकल पुढे केली. आसन आधीच खाली केले होते. कन्या म्हणाली, “बाबा, चढ आला की उतरायचं. शपथ आहे.” आम्ही बसलो. गियर समजावयास थोडा वेळ लागला. वाळूत पुढचे चाक दोनदा रुतले. एकदा पडलो, पण मऊ जागी. मग जमले. उजवीकडे तांबडा कडा, डावीकडे नदी, मागून पायी धावत येणारा नातू. तो सारखा ओरडत होता, “पुढे बघा आजोबा, चाकाकडे नाही!” पन्नास-साठ वर्षांपूर्वी हेच वाक्य आम्ही धाकट्या भावास राजवाड्याच्या चौकात ओरडून सांगितले होते. दीड मैल झाला असेल. हार्डस्क्रॅबलचा चढ समोर दिसताच शपथेप्रमाणे उतरलो.

पुढे तो चढ आणि अखेरीस मिनरल बॉटमची वळणे चढून दुपारी पठारावर आलो. वाटेत काटकसर इतकी अंगवळणी पडली होती की नदीच्या पाण्यापैकी तीन-चार लिटर शिल्लक राहिले. नातू ते ओतून टाकणार होता. सौभाग्यवतींनी डबा काढून घेतला आणि मोआबपर्यंत मांडीवर धरून आणला. झाकण नातवाने लावले होते.

रात्री मुक्कामाच्या खोलीत त्याच पाण्यात भुकटी कालवून केशरी दूध झाले. चंद्र उशिराने उगवला, एका बाजूने झिजलेला. आम्ही पाचही जण बाहेरच्या पायरीवर बसून प्यालो आणि नातवाने दुसरा पेला मागितला.