आपल्या खाडीचा रंग

घराला रंग द्यायचं ठरलं आणि ताईने ‘कोस्टल लूक’चा हट्ट धरला. शेडकार्डवर सगळे निळे-हिरवे! पण आपल्या नवी मुंबईचा किनारा इतका निळाशार आहे कुठे? ठाण्याची खाडी मातकट. हिरवा रंग तिवरांचा आणि हिवाळ्यापासून गुलाबी फ्लेमिंगोंचा. हीच खाडी २०२२ साली रामसर यादीत गेली. भरतीच्या लाटांचा जोर आधी अंगावर घेतात ती तिवरंच. २०१८ साली हायकोर्टाने राज्यभर तिवरं तोडायला बंदी केली, तरी त्यांच्यावर डेब्रिज पडतंच. बाहेर भराव घालायचा आणि घरात भिंतीवर समुद्र रंगवायचा, हे काही पटत नाही बुवा! हॉलसाठी मी तिवरांचा काळपट हिरवा सुचवलाय. पाहुण्यांनी विचारलं, ‘हा कुठला रंग?’ तर खाडीकडे बोट दाखवता येईल.