नाव घ्या!

मराठीत 'नाव घे' म्हटलं की पहिल्यांदा उखाणा आठवतो. नवी नवरी लाजत उभी, भोवती सगळ्या मावश्या-आत्यांचा गलका, आणि गंमत म्हणजे नाव सगळ्यांना आधीच माहीत असतं. पत्रिकेत छापलेलं असतं की! पण ते तिच्या तोंडून ऐकायचं असतं.

गेले दोन-तीन वीकेंड मी १९५० च्या आसपासच्या अमेरिकेबद्दल वाचतोय, म्हणजे 'कम्युनिस्ट आले, कम्युनिस्ट आले' अशी ओरड चालू होती त्या काळाबद्दल. आणि सारखा हा उखाणाच आठवतोय.

शाळेच्या पुस्तकात आमचं शीतयुद्ध दीड पानात उरकलं होतं. मॅकार्थी हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते इंजिनिअरिंगला, 'लिस्प' भाषा बनवणारा जॉन मॅकार्थी म्हणून. हा तो नव्हे. हा जोसेफ मॅकार्थी, सिनेटर. (लिस्पवाल्याचे आईवडील मात्र कम्युनिस्ट पक्षात होते. असो.) फेब्रुवारी १९५० मध्ये या सिनेटरने व्हीलिंग नावाच्या गावी भाषण ठोकलं की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी माझ्याकडे आहे. आकडा आधी २०५, मग ५७. क्लायंटला बगची संख्या अशी सांगितली असती तर आमची संध्याकाळपर्यंत प्रोजेक्टवरून उचलबांगडी झाली असती. हा गडी चार वर्षं टिकला. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटनेच त्याचा निषेध केला, ६७ विरुद्ध २२ मतांनी.

एक सांगायला हवं, कारण आपल्याकडे हा सगळा प्रकार 'अमेरिकेला वेड लागलं होतं' एवढ्यावर संपवतात. भीती हवेतून आली नव्हती. १९४९ मध्ये रशियाने अणुबाँब फोडला, त्याच वर्षी चीन लाल झाला, १९५० मध्ये क्लाउस फुक्स पकडला गेला आणि कोरियात युद्ध पेटलं. हेर खरोखर होते. सोव्हिएत तारांची उकल करणारे 'व्हेनोना'चे कागद १९९५ मध्ये खुले झाले, त्यातून ते स्पष्टच झालं. पण हेर पकडायला नटांना आणि नाटककारांना बोलावून त्यांना 'तुझ्या ओळखीतले कोण कोण होते' हे कशाला विचारायचं? माझं घोडं तिथेच अडलं.

ते काम करणारी समिती मॅकार्थीची नव्हती. तो सिनेटर, ही समिती प्रतिनिधीगृहाची, १९३८ पासूनची. १९४७ मध्ये तिने हॉलिवूडवाल्यांना बोलावलं. दहा जणांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि ते तुरुंगात गेले. त्यातला डाल्टन ट्रम्बो नंतर दुसऱ्याच्या नावावर पटकथा लिहून पोट भरत होता. 'रोमन हॉलिडे' त्याचाच.

पण मला गोष्ट सांगायची आहे ती एलिया कझान आणि आर्थर मिलरची. दोघं जिगरी दोस्त. मिलरने 'डेथ ऑफ अ सेल्समन' लिहिलं, कझानने १९४९ मध्ये ते बसवलं. मग मिलरने ब्रुकलिनच्या गोदी कामगारांवर 'द हूक' नावाची पटकथा लिहिली. कामगारांना लुबाडणारे युनियनचे गुंड, असा विषय. दोघं ती घेऊन कोलंबिया स्टुडिओकडे गेले. तिथून फर्मान आलं: खलनायक गुंड नकोत, कम्युनिस्ट करा. मिलरने पटकथा परत घेतली.

कझान तरुणपणी दीडेक वर्ष पक्षात होता, आणि तिथल्या दादागिरीला कंटाळून बाहेर पडला होता. त्यामुळे त्याला कम्युनिस्टांचा राग होता, तोही खराच. जानेवारी १९५२ मध्ये बंद दाराआड त्याने स्वतःबद्दल सांगितलं, इतरांची नावं दिली नाहीत. एप्रिलमध्ये परत गेला आणि आठ नावं दिली. जुन्या नाटक कंपनीतले सोबती. समितीला ही नावं बहुतेक सगळी आधीपासून माहीत होती! म्हणजे माहिती म्हणून त्यांची किंमत शून्य. हवं होतं ते त्याच्या तोंडून.

साक्षीच्या आधी मिलर त्याला कनेक्टिकटच्या घरी भेटला. कझानने आपण काय करणार ते सांगितलं. मिलर तिथून गाडी घेऊन निघाला तो थेट सेलमला, १६९२ च्या चेटकिणींच्या खटल्याचे कागद वाचायला.

सेलमचा हिशेब उलटा होता. ज्यांनी 'हो, मी चेटूक करते' असं कबूल केलं आणि कबुली मागे घेतली नाही, त्या वाचल्या. 'मी निर्दोष आहे' म्हणणारे फासावर गेले, एकूण १९ जण. त्यावरचं 'द क्रूसिबल' जानेवारी १९५३ मध्ये रंगमंचावर आलं. १९५६ मध्ये समितीने मिलरलाही बोलावलं. तो स्वतःबद्दल हवं ते बोलला, दुसऱ्यांची नावं सांगायला मात्र नाही म्हणाला. शिक्षा झाली, ती १९५८ मध्ये वरच्या कोर्टात रद्द झाली.

आता कोणी म्हणेल की हा अमेरिकेचाच दोष. तर जरा पलीकडे बघा. मॉस्कोत मेयरहोल्ड नावाचा थोर नाट्यदिग्दर्शक होता, क्रांतीचा कट्टर समर्थक. १९३९ मध्ये त्याला उचललं. मार खाऊन त्याने इतरांना गोवणारा कबुलीजबाब दिला, आणि मग कोठडीतून मोलोटोव्हला पत्र लिहून तो मागे घेतला. पासष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याला कसं मारलं ते त्यात लिहिलंय. २ फेब्रुवारी १९४० ला त्याला गोळी घातली. हॉलिवूडमध्ये नाव न घेण्याची किंमत नोकरी होती, तिथे नाव घेऊन परत फिरवलं तरी जीव गेला. फरक प्रचंड आहे. प्रश्न मात्र तोच: अजून कोण?

हे सगळं मी एवढं का उगाळतोय? तर तीन वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत (नाव नको) आम्ही आठ जणांनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. कोणाला किती पगार, कोणाला किती हाइक, याची शीट बनवली. ती फुटली. एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावलं. मॅनेजर हसत म्हणाला, "काय रे, युनियन काढताय काय?" मी पण हसलो. मग एचआरच्या मॅडमनी विचारलं, "ग्रुपमध्ये अजून कोण कोण आहे?"

टेबलावर स्क्रीनशॉटचे प्रिंटआउट पडले होते. नावं मला उलटीसुद्धा वाचता येत होती.

मी तीन नावं सांगितली. स्वतःला म्हटलं, यांना माहीतच आहे, मी कुठे नवीन काय सांगतोय? मॅडमनी ती लिहूनसुद्धा घेतली नाहीत. नुसतं "थँक यू" म्हणाल्या.

कुठे कझान आणि कुठे मी, कळतंय मला. माझी तर दोन वर्षांची हाइक पणाला लागली होती फक्त. पण त्या तीन नावांतला एक माझा रूममेट होता. तो माझ्यानंतर आत गेला आणि म्हणाला, "माझं विचारा, बाकीच्यांचं त्यांना विचारा." त्याचं प्रमोशन त्या वर्षी अडकलं. माझं झालं. त्याच्या पैशाने नाही, माझ्या पैशाने आम्ही त्या दिवशी बिर्याणी खाल्ली.

कझानने १९५४ मध्ये 'ऑन द वॉटरफ्रंट' काढला. गोदी कामगार, युनियनचे गुंड, आणि साक्ष देणारा नायक. त्याला आठ ऑस्कर मिळाले. १९९९ मध्ये कझानला मानाचा ऑस्कर दिला तेव्हा अर्धं सभागृह उभं राहिलं, काही जण हात बांधून बसून राहिले. मिलरचं आणि त्याचं काही वर्षं बोलणं बंद होतं, पण १९६४ मध्ये मिलरचं नवं नाटक कझाननेच बसवलं.

गेल्या शनिवारी रूममेट आला होता. (आता तो वाकडला राहतो, लग्न झालंय.) मी वाचत होतो ते सांगितलं, तर म्हणाला लावूया तोच सिनेमा. मार्लन ब्रँडो साक्ष द्यायला उभा राहतो तिथे तो एकदम सरसावून बसला. "काय डेअरिंग आहे यार," म्हणाला.

मी चहा टाकायला उठलो.